सातबारा खरोखरच कोरा झाला तर?

जुलै २०२५ मध्ये शेतकरी नेते बच्चू कडूंनी अमरावती जिल्ह्यातल्या पापळहून पदयात्रा काढली. पापळ हे पंजाबराव देशमुखांचे जन्मगाव. मागणी दोन शब्दांची होती : सातबारा कोरा. वऱ्हाडात या दोन शब्दांचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. शेतकऱ्याचे कर्ज माफ करा, एवढाच तो आहे. पण समजा, एखाद्या तहसीलदाराने ही मागणी शब्दशः मनावर घेतली आणि खरोखरच कोरा सातबारा हातावर ठेवला, तर? त्यावर गट क्रमांक नाही, क्षेत्र नाही, खातेदाराचे नाव नाही. त्या दिवशी तहसीलीवर निघणारा मोर्चा आजवरच्या सगळ्या मोर्चांहून मोठा असेल.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे, किती आहे, आकार किती बसतो हे असते. बारामध्ये कोणत्या हंगामात काय पेरले ते. सातमध्येच ‘इतर अधिकार’ असा एक रकाना आहे. बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज काढले की त्याची नोंद तिथे बसते. तिलाच बोजा म्हणतात. घोषणेतला ‘कोरा’ हा शब्द त्या एका रकान्यापुरता आहे. त्यातही कर्ज माफ होणे आणि बोजा उतरणे या दोन घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये कधीकधी वर्षे जातात. बँकेच्या वहीत खाते शून्यावर आले, तरी बेबाकीचा दाखला तलाठ्याकडे पोचून फेरफार मंजूर होईपर्यंत रकान्यातला बोजा हलत नाही. मुलीच्या लग्नाला वावर विकायला काढावे आणि गिऱ्हाइकाने सातबारा पाहून ‘कर्ज तर अजून उभं हाये’ म्हणत परत जावे, असे प्रसंग त्यातूनच येतात.

कायद्याच्या शब्दांशी आपली गफलत होते ती बहुधा याच जागी. शब्द अवघड नसतात. जामीन, ताबा, नोंद, इसार, मनाई हे शब्द शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही येतात. मात्र त्या शब्दांत आपण प्रकरणाचा शेवट ऐकतो आणि कायदा त्यातून फक्त एक पायरी सांगत असतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ठीकच आहे. पण वाडवडिलांची चार एकर वाट्याला आली, की माणूस न चढताच कुठल्या तरी पायरीवर उभा असतो. ती कितवी, एवढे त्याला कळायला हवे.

‘वावर माह्या नावावर हाये’ या वाक्यापासूनच बघू. वऱ्हाडात हे मालकीचे शेवटचे वाक्य समजले जाते. कायद्याच्या दृष्टीने ते शेतसारा कोणाकडून घ्यायचा याचे वाक्य आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. यातले ‘विरुद्ध पुरावा येईपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे. फेरफारामुळे मालकी निर्माण होत नाही आणि नावाची नोंद नाही म्हणून मालकी जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. मालकी येते ती खरेदीखतातून, वाटणीतून, बक्षीसपत्रातून, मृत्युपत्रातून, वारशातून किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यातून. फेरफार त्या घटनेची खबर सरकारी वहीत घेतो.

ही खबर घेण्याची रीतही ठरलेली आहे. तलाठी नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद करतो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून पटवारीच; २०२४ पासून त्याचे सरकारी नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे. मग संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त ठरते, सुनावणी होते, निर्णयावर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. भाऊबंदकीत बहुतेकांचे चुकते ते या पंधरा दिवसांत. नोटीस घेतली तर आपण कबूल झालो असे समजून माणसे ती नाकारतात. नोटीस घेणे म्हणजे फक्त कळले, एवढेच. नाकारल्याने हरकतीची संधी मात्र हातची जाते.

मालकी आणि ताबा यांतला फरक समजून घ्यायला वऱ्हाडाइतका चांगला नमुना दुसरा नसेल, कारण हा अख्खा मुलूखच शंभर वर्षांच्या आसपास मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा अशा अवस्थेत होता. १८५३ च्या मे महिन्यात निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. कारण कर्जाचे. निजामाच्या नावाने ठेवलेल्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा खर्च थकला होता आणि ती थकबाकी सव्याज वाढत गेली होती. सार्वभौमत्व निजामाकडे, वसूल कंपनीकडे. गावातल्या दस्तलेखकाला विचारले, तर तो याला सरळ ताबेगहाण म्हणेल : जमीन धन्याची, पण ती सावकाराच्या ताब्यात आणि उत्पन्न व्याजापोटी सावकाराच्या पदरात. १८६० च्या तहात पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, वऱ्हाडाबरोबरच हवाली केलेले धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत गेला नाही. निजामाचा दिवाण सालारजंग याने त्यासाठी पुढे बरीच खटपट केली, ती वाया गेली. सावकाराकडून गहाण सोडवताना काय होते, हे वऱ्हाडी माणसाला इतिहासाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने हा व्यवहार नव्या कागदावर आणला. वर्षाला पंचवीस लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. गहाणाचा पट्टा झाला. धनी तोच, वहिवाटदार तोच. पट्टा म्हणजे ठरलेल्या मोबदल्यात उपभोगाचा हक्क; मालकी त्यातही हलत नाही. मालकी निजामाची असल्याचे इंग्रजांनी अगदी १९३६ च्या करारातही मान्य केले आणि निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला. त्या राजपुत्राचा वऱ्हाडच्या कारभाराशी काडीचा संबंध नव्हता. सातबाऱ्यावर नाव आणि वावरात दुसऱ्याची तिफण, असाच हा प्रकार.

याचा कायदेशीर परिणाम मजेदार होता. वऱ्हाड ब्रिटिशांच्या हाती असला, तरी कायद्याच्या भाषेत तो ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हता, परका मुलूख होता. म्हणून दिल्ली-कलकत्त्याला झालेला कायदा अमरावतीला आपोआप लागू होत नसे. तो वऱ्हाडाला लावल्याचा वेगळा हुकूम निघावा लागे. हे ठिगळकाम सरळ करण्यासाठी १९४१ मध्ये ‘बेरार लॉज ॲक्ट’ करावा लागला. कापसाच्या पैशाने भरलेली बाजारपेठ, नव्याने मोजलेली जमीन आणि वर असला गुंतागुंतीचा कायदा. या मातीत वकिली उगवली नसती तरच नवल. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ मुधोळकर, मोरोपंत जोशी हे सगळे अमरावतीचे वकील. १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली तेव्हा खापर्डे स्वागताध्यक्ष होते आणि अध्यक्ष शंकरन नायर हेही वकीलच. मुधोळकर १९१२ मध्ये बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, देशाचे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावतीतच जन्मलेले.

आजच्या वावरात मालकी आणि ताब्याचा प्रश्न उभा राहतो तो बटईत. शेत बटईने किंवा मक्त्याने देताना वऱ्हाडात बहुधा कागद होत नाही. मालकाच्या मनात एक जुनी धास्ती असते : बारा वर्षे कसले की जमीन कसणाऱ्याची. ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणून जास्त नुकसान करते. मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची गोष्ट आहे, पण ती प्रतिकूल ताब्यासाठी. प्रतिकूल म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, अखंड ठेवलेला ताबा. बटईदार मालकाच्या परवानगीने कसतो, दरवर्षी हिस्सा देऊन मालकाचा हक्क मान्य करतो. परवानगीचा ताबा बारा काय, तीस वर्षे राहिला तरी तेवढ्याने प्रतिकूल होत नाही. धास्तीचा दुसरा धागा कूळकायद्याचा. विदर्भासाठी तो १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे. पश्चिम महाराष्ट्रातला १९४८ चा कायदा इथे लागू नाही. कूळ ही त्या कायद्याने ठरणारी ओळख आहे, नुसत्या नांगराने ठरणारी नव्हे. पण धास्तीपोटी कागद टाळला जातो, पीक पेऱ्यात मालकाचेच नाव लागते आणि गारपिटीची भरपाई आली की ती मालकाच्या खात्यात जाते. ज्याचे बियाणे-खत बुडाले तो बटईदार सरकारच्या वहीत नसतोच.

आता विक्रीच्या व्यवहाराकडे. सौदा ठरला, लाखभर रुपये दिले, इसारचिठ्ठी झाली. घेणारा गावभर सांगतो, वावर घेतले. त्याने घेतलेले नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने जमिनीत कसलाही हक्क निर्माण होत नाही. इसार म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचे वचन. वचन मोडले, तर करार पुरा करून घेण्यासाठी दावा लावता येतो, त्याची मुदत तीन वर्षे. ठरलेली तारीख असेल तर तिथपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. ‘देईन, देईन’ ऐकत चौथे वर्ष उजाडले, की चांगला करारही कपाटात ठेवण्याच्या लायकीचा उरतो.

याहून घातक शब्द म्हणजे मुदती खरेदी. गरज कर्जाची असते, कागद खरेदीचा होतो. अमुक वर्षांत रक्कम परत केली तर जमीन परत, नाही तर विक्री पक्की. कायदा अशा व्यवहाराला गहाण मानतो, पण एका अटीवर : परत देण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली हवी. ती वेगळ्या चिठ्ठीवर असली तर गहाण म्हणता येत नाही. आणि तोंडी असली, तर मग काय बोलावे. खासगी सावकारीत नेमके तेच घडत आले. दस्त साध्या खरेदीचा, नोंदणी कार्यालयात शेतकऱ्याने सही करून दिलेला, आणि ‘पैसे दे, वावर फिरवून देतो’ हे वाक्य कार्यालयाबाहेर चहाच्या टपरीवर उच्चारलेले.

दिवाणी न्यायालयात नोंदणीकृत दस्तासमोर तोंडी वाक्य टिकवणे कठीण. म्हणूनच २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाचे कलम १८ वऱ्हाडाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन परत मागण्यासाठी शेतकरी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करू शकतो. गेल्या पंधरा वर्षांतला व्यवहार असेल, आणि तो दिसायला खरेदीचा असला तरी मुळात सावकारीचा होता असे चौकशीत आढळले, तर उपनिबंधक दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतो. कागदाच्या नावापेक्षा व्यवहाराचा स्वभाव पाहायचा, असे इथे कायदाच सांगतो. ही सोय अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही आणि ठाऊक होते तेव्हा पंधरा वर्षे उलटलेली असतात.

सावकारीचाच धागा धरून पोलीस ठाण्यात जाऊ. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. एका सावकार कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या; ते कुटुंब तिथल्या आमदाराचे. गुन्हा नोंदवू नये अशा अर्थाचा फोन मुख्यमंत्री कार्यालयातून आला आणि तो फोन ठाण्याच्या स्टेशन डायरीत नोंदला गेला. मुख्यमंत्री तेव्हा विलासराव देशमुख होते. उच्च न्यायालयाने राज्य सरकारला पंचवीस हजारांचा भुर्दंड लावला. सरकार त्याविरुद्ध वर गेले आणि डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच भुर्दंड दहा लाखांवर नेला. स्टेशन डायरी ही ठाण्यात काय काय घडले याची रोजनिशी आहे. फिर्याद घेतली नाही, पण फोन लिहून ठेवला, आणि तीच ओळ पुढे सरकारच्या अंगाशी आली. त्या अज्ञात ठाणे अंमलदाराचे आभार मानायला हवेत.

‘ठाण्यात तक्रार दिली’ या वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. नुसता अर्ज दिला आणि आवक शिक्का घेतला, ही एक. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली, ज्याला सगळे एनसी म्हणतात, ही दुसरी. शिवीगाळ किंवा साधी मारहाण बहुधा यात जाते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. तिसरी म्हणजे दखलपात्र गुन्ह्याचा प्रथम खबर अहवाल, एफआयआर. त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. दखलपात्र गुन्ह्याची खबर असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात ठरवले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची वाट ठेवली आहे, हा त्यातला बदल. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकाकडे लेखी खबर पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. हातात जो कागद आला त्याच्या मथळ्यावर काय छापले आहे, ते आधी वाचावे. एनसीची पावती जपून ठेवून तपासाची वाट पाहणारी माणसे कमी नाहीत.

कलमांचे आकडेही बदलले, हे अनेकांच्या अजून पचनी पडलेले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे तीनशे दोन आता एकशे तीन झाले. नव्या संहितेतले तीनशे दोन धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. चारशे वीस तर उरलेच नाही, कारण नव्या संहितेत कलमेच तीनशे अठ्ठावन्न. फसवणूक आता तीनशे अठरामध्ये राहते. बोलीतला ‘चारसोबीस’ मात्र कोणत्याही संसदेला रद्द करता येणार नाही. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमे लागतात, त्यामुळे न्यायालयांत काही वर्षे दोन्ही आकडे शेजारी शेजारी चालतील.

अटक झाली की चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. मग वर्तमानपत्रात येते ती कोठडी. पोलीस कोठडी म्हणजे आरोपी तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात; ती एकूण पंधरा दिवसांहून जास्त मिळत नाही. न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंग, अमरावतीत असेल तर मध्यवर्ती कारागृह. बातमीत ‘न्यायालयीन कोठडी सुनावली’ असे क्रियापद वापरतात, त्यामुळे वाचणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखे वाटते. शिक्षेला त्यावेळी अजून दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, साक्षी, उलटतपास, युक्तिवाद एवढा पल्ला बाकी असतो.

जामिनाबद्दलची समजूत तर दोन्ही अंगांनी चुकते. अजामीनपात्र म्हणजे जामीन नाहीच, असे नव्हे. जामीनपात्र गुन्ह्यात तो हक्काने मिळतो; अजामीनपात्रात तो न्यायालयाच्या विवेकावर असतो. आणि जामीन मिळाला म्हणजे सुटला, हेही खोटे. खटला तसाच चालू राहतो, माणूस फक्त बाहेर राहून तारखा करतो. तपास साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत संपवून दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हा जामीन पोलिसांच्या उशिराचा. आरोपीच्या निर्दोषपणाशी त्याचा संबंध नाही. गावात मात्र त्या संध्याकाळी फटाके वाजतात आणि फिर्यादीचे कुटुंब दार लावून घेते. दोघांचाही निकाल चुकलेला असतो. साक्षीदार ‘फितूर’ झाला, या शब्दाचेही असेच. न्यायालय त्याला गद्दार म्हणत नसते. ज्या बाजूने त्याला बोलावले तिलाच त्याची उलटतपासणी घेण्याची परवानगी दिली, एवढेच घडलेले असते. आणि त्याच्या साक्षीचा जो भाग विश्वासार्ह वाटतो, तो विचारात घेतलाही जातो.

दिवाणी बाजूला पेढे वाटले जातात ते ‘स्टे’वर. तात्पुरता मनाई हुकूम देताना न्यायालय तीन गोष्टी पाहते : वरकरणी बाजू दिसते का, हुकूम न दिल्याने कोणाची गैरसोय जास्त, आणि नुकसान पैशाने भरून येणारे आहे की नाही. कोणाचा हक्क खरा, हा प्रश्न पुढचा. समोरच्याला न ऐकता एकतर्फी हुकूम निघू नये म्हणून आधीच दाखल करून ठेवायचा अर्ज म्हणजे कॅव्हेट. तो नव्वद दिवस चालतो. मग कैफियत, मुद्दे, पुरावा, आणि शेवटी हुकूमनामा. दावा जिंकला! पण समोरचा ताबा सोडत नाही. तेव्हा हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. कोर्टात त्याला दरखास्त म्हणतात आणि तिचा क्रमांक, तारखा, नोटिसा पुन्हा पहिल्यापासून. ताब्याच्या हुकूमनाम्यासाठी ही मुदत बारा वर्षांची आहे. ज्याला दरखास्त ही पायरी ठाऊकच नसते, तो हुकूमनाम्याची नक्कल फ्रेम करून भिंतीवर लावतो.

धुऱ्यावरून होणारी भांडणे वऱ्हाडात जितकी, तितकी दुसऱ्या कशावरून नसतील. पश्चिमेकडे ज्याला बांध म्हणतात तो आपला धुरा. वावरात जायला वाट नाही, हे सांगून तहसीलदाराकडे गेले तर तो आधी विचारतो : वाट कधी होतीच का? वाट होती आणि कोणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लागते आणि अडवल्यापासून सहा महिन्यांत यावे लागते. वाट नव्हतीच, नव्याने धुऱ्यावरून हवी असेल, तर महसूल संहितेचे कलम १४३. अर्ज चुकीच्या कलमाखाली गेला, की तो फेटाळला जाईपर्यंत सोयाबीनचे दोन हंगाम निघून जातात. मोजणी करून मिळालेली ‘क’ प्रत हद्द कुठे आहे ते दाखवते. शेजाऱ्याने दाबलेले दोन तास परत मिळवणे ही त्यानंतरची कारवाई.

घरातला सर्वांत फसवा शब्द म्हणजे नॉमिनी. बँकेच्या अर्जात मधल्या भावाचे नाव होते, म्हणून ठेव मधल्या भावाची, असे घराघरात मानतात. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा, वारसांच्या वतीने सांभाळणारा. सर्वोच्च न्यायालयाने हे विम्याबाबत १९८३ मध्येच म्हटले होते. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत शंका राहिली होती, ती १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने मिटली. तो वाद ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून उभा राहिला होता.

आणि हक्कसोड. वडील वारले की सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावे चढतात. मग बहिणींना तालुक्याला बोलावले जाते, उपाहारगृहात जेवण होते, साडी दिली जाते आणि नोंदणी कार्यालयात सही होते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा जन्मापासून मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात पक्के झाले. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असेल तर ते पक्के. फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याशिवाय मागे फिरता येत नाही. उलट तलाठ्यापुढे साध्या मुद्रांकावर लिहून दिलेल्या ‘संमती’ने नाव कमी झाले असेल, तर स्थावर मालमत्तेतला हक्क त्याने सुटत नाही. कितीतरी बहिणींना आपण यातले नेमके काय लिहून दिले, हेच माहीत नसते. सही करण्याआधी तो कागद मोठ्याने वाचून मागणे, हा कुठल्याही माहेराचा अपमान नाही. तो वाचला जाईपर्यंत साडी पिशवीतच राहू द्यावी.

या सगळ्या पायऱ्यांमध्ये खरोखर शेवटची म्हणता येईल अशी एक आहे, आणि नेमकी तीच माणसे हलक्यात घेतात : लोकअदालत. तिथे तडजोड होऊन निवाडा झाला, की तो दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो, त्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्हा न्यायालयांच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता तिथून फुकट वकील मिळतो. तडजोडीचा मसुदा पंच-वकिलांच्या घोळक्यात पाच मिनिटांत पुढे सरकवला जातो आणि ‘पटलं नाही तर वरच्या कोर्टात पाहू’ म्हणत माणूस अंगठा उठवतो. वरचे कोर्ट तिथे नसते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने ठरवले आहे. तेव्हा मसुदा मराठीत मागावा, दाव्यातले गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहावे, ताबा कोणत्या तारखेला द्यायचा तो आकड्यात लिहिला आहे का ते बघावे, आणि मग सही करावी.